फ्रेममधला जादा माणूस

दुपारच्या जेवणानंतर मालनला झोप लागते असं कुणी म्हटलं, की तिला राग येतो. ती झोपत नाही. नुसते डोळे मिटून बसते, आणि गिऱ्हाईक पायरीवर आलं की तिला आधी कळतं, असं तिचं म्हणणं. गिऱ्हाइकांचं म्हणणं जरा वेगळं आहे, पण ते असो. आजही ती दुकानात आपल्या स्टुलावर बसली आहे. शटर अर्धं खाली ओढलेलं आहे, नुकतीच सर येऊन गेल्याने बाहेरचा रस्ता ओला आहे, आणि समोरच्या टेबलावर कचेरीची मोठी फ्रेम पालथी पडली आहे. पापणी खाली येते तशी मालन स्वतःला बजावते, की आज झोपायचं नाही. आज काम आहे, आणि संध्याकाळी सुहास येणार आहे.

हसूरपेठेतलं हे फोटो फ्रेमचं दुकान तिच्या नवऱ्याचं, बळवंत जिनगराचं. आठ वर्षांपूर्वी बळवंत शाळेत एक फ्रेम लावायला गेला, लावून शिडीवरून खाली उतरला, "जरा पाणी द्या" म्हणाला, आणि पाणी यायच्या आत गेला. दिवसकार्य आटोपल्यावर मालनने दुकान उघडलं. विचारायला आलेल्या प्रत्येकाला तिने सांगितलं, "पोराची सोय लागंपर्यंत मी तात्पुरता बसतो." कोल्हापूरकडच्या बायका 'मी येतो, मी जातो' असंच म्हणतात, मालनही म्हणते. पुढे पोराची सोय लागली, सुहास चाकणच्या कंपनीत चांगला स्थिरस्थावर झाला, त्याला पोरंबाळं झाली, तरी मालन आपली तात्पुरतीच. ती नवऱ्याच्या खुर्चीत बसत नाही. माप घेते, पट्टी कापते, कोपरे जुळवते, खिळे ठोकते, पण काच कापत नाही. काच बळवंत कापायचा. ती पलीकडच्या गल्लीतल्या हार्डवेअरवाल्याकडून कापून आणते.

आता सुहास म्हणतो, आई, पुरे झालं. सागर चौगुलेला मोबाईलच्या दुकानासाठी गाळा पाहिजे आहे, त्याला देऊन टाकू, तू आमच्याकडे चल. पोरगा मायेनं बोलतो, त्यात वावगं काही नाही. आज संध्याकाळी तो सागरला घेऊनच येणार आहे, आणि मालनने हो किंवा नाही ते सांगायचं आहे. काय सांगायचं हे तिला कळत नाही. ज्याला विचारावं असा माणूस एकच होता, तो पाणी मागून निघून गेला.

त्यात सकाळी कचेरीतला शिपाई बाळकू सायकलच्या कॅरिअरला ही फ्रेम बांधून घेऊन आला. राष्ट्रपती बदलला, की कचेरीतला फोटो बदलायचं काम जिनगरांकडे सासऱ्यांच्या वेळेपासून आहे. फ्रेम तीच, सासऱ्यांनी सागवानाची केलेली, खोल खाचेची. बदलायचा तो फक्त फोटो. पण काढलेल्या फोटोचं काय करायचं? देशाचा राष्ट्रपती, त्याला रद्दीत घालता येत नाही, फाडायला हात धजत नाही, घरात लावला तर लोक हसतात. जिनगरांनी यावर आपला मार्ग काढला होता. जुना फोटो आत तसाच ठेवायचा आणि नवा त्याच्यावर बसवायचा. मागे भर मिळते, नवा फोटो ताठ राहतो, आणि जुन्याचा मानही राहतो. असं करत करत राजेंद्रबाबूंपासूनचे सगळे राष्ट्रपती त्या एका फ्रेमच्या पोटात एकमेकांना टेकून उभे आहेत. कचेरीत सातबाऱ्यासाठी ताटकळणाऱ्यांना याचा पत्ता नाही.

घरचं कॅलेंडरही तेच. बळवंत कधी साल सांगत नसे. आपलं लग्न गिरींच्या वेळी झालं, सुहास झैलसिंगांच्या वेळचा, वरची खोली बांधली ती शंकरदयाळ शर्मांच्या. मालनलाही तीच सवय लागली. त्यामुळे खाच भरत आली म्हणून तिने आज सगळे फोटो बाहेर काढले आणि टेबलावर ओळीनं मांडले, तेव्हा तिला नावं वाचावी लागली नाहीत. ती मनातल्या मनात घरातल्या गोष्टी आठवत गेली, आणि मध्येच अडली. फक्रुद्दीन अली अहमद झाले, आता संजीव रेड्डी यायला हवेत. त्याऐवजी भलताच माणूस निघाला. टोपी घातलेला, शांत चेहऱ्याचा. फोटो इतरांपेक्षा लहान, कुठल्या तरी कॅलेंडरातून कापलेला, खाली नाव नाही.

"बाळकू, ह्यो कोण रं?"

बाळकूनं फोटो लांब धरून पाहिला, जवळ धरून पाहिला. "कुणाचा तरी पाव्हणा असंल," तो म्हणाला, आणि उद्या साहेब यायच्या आत फ्रेम भिंतीवर पाहिजे असं सांगून निघून गेला. जाताना हेही सांगून गेला, की येताना सायकल खड्ड्यात आदळली आणि काचेला तडा गेला. हार्डवेअरवाल्याची आज सुट्टी. दुकानात कोपऱ्यात एक अख्खी काच उभी आहे, पण ती कापणार कोण? एवढं शेवटचं काम होत नाही म्हणून परत पाठवायचं आणि गाळा सागरला द्यायचा, असं मालनच्या मनात येतं. मग ती टोपीवाल्याकडे बघते. ह्यो कोण असंल, ह्यो कोण असंल, असं घोळवता घोळवता तिची हनुवटी छातीला टेकते.

शटरखालून कुणीतरी वाकून आत येतं. वाकताना उजवा हात गुडघ्यावर ठेवायची त्याची पद्धत आहे.

"बंद हाय काय दुकान?"

"उघडंच हाय की. या."

बळवंत आत येऊन उभा राहतो. सदऱ्यावर लाकडाचा भुसा आहे. बाहेर पुन्हा सर आली आहे तरी तो कोरडा आहे. मालनला नवल वाटत नाही. तिच्या मनात पहिली गोष्ट येते ती पाण्याची. ती उठते, माठातून तांब्या भरते आणि त्याच्या हातात देते. तो उभ्या उभ्या तांब्या वर धरून पितो, मधे दम घेतो, पुन्हा पितो. आठ वर्षं ती या पाण्यासाठी हळहळत होती. आता रिकामा तांब्या परत घेऊन ती तो माठाशेजारी पालथा ठेवते.

"खुर्चीत बसा."

"खुर्ची दुकानदाराची. मी आलोय गिऱ्हाईक म्हणून," असं म्हणून बळवंत बाकावर बसतो आणि टेबलाकडे मान लांब करतो. "आता कोण आलंय गं?"

मालन नव्या फोटोची गुंडाळी उलगडून दाखवते. "मुर्मूबाई. ओडिशाच्या."

"बाई? म्हंजे प्रतिभाताईंच्या मागनं दुसऱ्या?" त्याचा चेहरा खुलतो. "आणि मधी कोण? मी बसवले ते मुखर्जी."

"मधी कोविंद. ते मी बसवले."

"एकटीनं?"

"तर. तुम्ही होता का हात लावायला?"

बळवंत कोविंदांचा फोटो उचलून कडा तपासतो, जसा तो दुसऱ्या कुणाचंही काम तपासायचा. फोटो खाली ठेवतो, बोलत काही नाही. त्याचं न बोलणं म्हणजे काम पसंत पडलं, हे मालनला पन्नास वर्षांच्या ओळखीनं माहीत आहे.

"तुम्हाला दोन गोष्टी विचारायच्या होत्या," ती म्हणते.

"एकेक विचार. मला कुठं घाई हाय?"

आधी दुकानाचं विचारायचं असं ती ठरवते. सुहास येईल, सागर येईल, उत्तर द्यावं लागेल. पण तोंडून निघतं भलतंच. "ह्यो टोपीवाला कोण?"

बळवंत हसतो. "चल, दाखवतो."

दुकानाच्या मागच्या दारातून गेलं की बोळ लागतो, बोळात चौगुल्यांची मोरी. आज ते दार कचेरीच्या व्हरांड्यात उघडतं. व्हरांडा लांबच लांब गेला आहे आणि डाव्या हाताची भिंत संपत नाही. भिंतीवर ओळीनं फोटो आहेत, तेच टेबलावरचे, पण आता प्रत्येकाला आपापली फ्रेम आहे. फोटोतली माणसं फोटोतल्यासारखीच गप्प आहेत. बदलते ती त्यांच्या खालची फरशी. राजेंद्रबाबूंच्या खाली शेणानं सारवलेली जमीन आहे आणि तिथं सासरे पाय पसरून सागवानाची पट्टी घासत बसले आहेत. राधाकृष्णन यांच्या खाली अर्ध्या चड्डीतला बळवंत त्यांच्या हाताखाली बसला आहे. झाकीर हुसेनांच्या फोटोला हार आहे.

"हेही खुर्चीत असताना गेले," चालता चालता बळवंत सांगतो.

गिरींच्या खाली पोचताच मालनच्या पायाला अक्षता लागतात. फरशी कुठे गेली, हा तर निपाणीचा तिच्या माहेरचा मांडव. वाजंत्री गाल फुगवून वाजवताहेत, पण आवाज येत नाही. पाटावर एक पोरगी मान खाली घालून बसली आहे. मालन तिच्याकडे कौतुकानं बघते. नाक बरं होतं की आपलं.

"कसली घाबरलेली बघा," ती म्हणते.

"मी जास्त घाबरलो होतो. तुझा बाप तालमीतला."

मांडवाच्या दुसऱ्या टोकाला कनात बाजूला केली की पुन्हा कचेरी. फक्रुद्दीन अली अहमदांच्या फोटोला ताजा हार आहे, पाणी अजून टपकतं आहे. पुढे शिडी लावलेली आहे, आणि शिडीवर बळवंत उभा आहे, तिशीतला, दाट मिशीचा, तोंडात खिळे धरून. म्हातारा बळवंत मालनच्या शेजारी उभा आहे. दोघे एकमेकांकडे बघत नाहीत. तरुण बळवंत खिळा ठोकतो आणि फ्रेम लावतो. फ्रेममध्ये टोपीवाला आहे.

"जत्ती," शेजारचा बळवंत म्हणतो. "आपल्या जमखंडीकडचे. उपराष्ट्रपती होते. फक्रुद्दीनसाहेब गेले आणि नवीन निवडून येईपर्यंत ह्यांनी सगळं बघितलं. मला लई आनंद झाला बघ. जमखंडीला माझी आत्या. तिच्या घरातल्या कॅलेंडरातनं फोटो कापून आणला, कुणी सांगितलं नसताना फ्रेममध्ये बसवला, आणि लावला."

"मग?"

उत्तर भिंतीपलीकडून येतं. कुणा साहेबाचा आवाज आहे, माणूस दिसत नाही. अहो जिनगर, हे कोण लावलंत? हे राष्ट्रपती नव्हेत, कार्यवाहक आहेत. तात्पुरत्या माणसाचा फोटो लावायचा नसतो. काढा तो.

शिडीवरचा बळवंत फ्रेम उतरवतो. भिंतीवर नुसता खिळा राहतो.

मालनला त्या खिळ्याकडे बघवत नाही. तात्पुरत्या माणसाचा फोटो लावायचा नसतो. बरोबरच आहे, ती मनात म्हणते, आणि बरोबर आहे म्हणूनच तिला वाईट वाटतं.

"साहेबाचं काय चुकलं?" ती मोठ्यानं म्हणते. "तात्पुरतं ते तात्पुरतंच."

"व्हय? त्या महिन्यांत आणीबाणी उठली. नवीन पंतप्रधान आले. त्यांना शपथ कुणी दिली? ह्यांनीच. ती शपथ तात्पुरती होती काय? ह्यांनी केलेल्या सह्या पुढच्यानं येऊन खोडल्या काय?"

"ते दिल्लीतलं. मला काय कळतंय त्यातलं?" मालन म्हणते, पण तिचं कुतूहल अजून भागलेलं नाही. "पण मला सांगा, साहेबानं काढायला लावला, तर मग फ्रेमच्या पोटात कसा राहिला?"

"भिंतीवरनं काढ म्हणाले, काढला. फ्रेममधनं काढला न्हाई. रेड्डी आले, त्यांना ह्यांच्यावरच बसवलं."

"का पण?"

 बळवंत पुढे चालू लागतो. जत्तींच्या रिकाम्या खिळ्याखाली मालन बघते, तर तिथं कचेरीची फरशी नाही. निपाणीच्या घराची मधली खोली आहे, तिची बाळंतिणीची. शेगडीत निखारे आहेत, ओव्याची धुरी आहे, आणि आढ्याला टांगलेला पाळणा आपोआप थोडा थोडा हलतो आहे. मालन दारातच थांबते. आत जायचं धैर्य तिच्यात नाही.

वनिता. सुहासच्या आधीची, पहिली. बारशाला आत्याबाईंनी नाव ठेवलं, आणि घरात सगळे वनी म्हणू लागले. फाल्गुनात आली आणि आषाढात तापानं गेली. त्या सगळ्या दिवसांत मालन माहेरी होती. कचेरीत कुणाचा फोटो लागला आणि कुणाचा निघाला, हे तिच्या कानावर यायचं कारण नव्हतं. सासरी परतली तेव्हा भिंतीवर संजीव रेड्डी होते.

"वनीची सगळी उमर ह्यांच्याच वेळात गेली," बळवंत म्हणतो. तो पाळण्याकडे बघत नाही, दोरीकडे बघतो. "हा फोटो काढून टाकला असता, तर माझी लेक कुणाच्या वेळची म्हणून सांगायचं होतं मी?"

मालन उंबऱ्यावर बसते. तिला रडू येतं, आणि ती ते अडवत नाही. पन्नास वर्षं या माणसाबरोबर आणि त्याच्यामागे काढली, आणि दुकानातल्या एका फ्रेममध्ये त्यानं काय जपून ठेवलं होतं याची तिला कल्पना नव्हती. तिला त्याची माया येते आणि रागही येतो, दोन्ही एकदम.

"लोक विचारतात पोरं किती," ती म्हणते. "मी एक म्हणतो. कुठं एवढीशी पोर मोजायची म्हणून."

"मी दोन म्हणायचो."

"मला कधी ऐकू आलं न्हाई."

"तू नसताना म्हणायचो."

पाळणा थांबतो. शेगडीतला निखारा लाल होतो आणि विझतो, आणि मालन उठून पदरानं तोंड पुसते तेव्हा ती दुकानात उभी आहे. टेबलावर फोटोंची ओळ आहे, जत्ती आपल्या जागी आहेत. बळवंत बाकावर आहे.

"दुसरं काय विचारायचं होतं?"

मालन आता एका दमात सांगून टाकते. सुहास येणार आहे, सागर येणार आहे, गाळा द्यायचा की नाही ते आजच सांगायचं आहे. "तुम्ही सांगा. दुकान तुमचं. मी आपला तात्पुरता बसलोय."

"कधीपास्नं?"

"तुम्ही गेल्यापास्नं."

बळवंत ओळीतल्या शेवटच्या फोटोवर बोट ठेवतो. "राष्ट्रपतीला पाच वर्षं देत्यात. एक आख्खा राष्ट्रपती तुझ्या हातानं बसला आणि उतरला. दुसऱ्या बसायच्यात. आणि तू अजून तात्पुरती?"

"चेष्टा नको. देऊ का नको, एवढं सांगा."

"मला काय विचारतीस? मी माजी. माजी माणसाला कोण विचारतं? त्यानं कुणी विचारल्याशिवाय बोलायचं न्हाई आणि विचारलं तरी जपून बोलायचं."

यावर मात्र मालन भडकते. आठ वर्षं साठलेलं एकदम वर येतं. "सगळे जाताना चार शब्द बोलून जात्यात. टीव्हीवर बघितलंय मी. राष्ट्रपती निघाला की आदल्या दिवशी भाषण करतोय, सगळ्यांचे आभार मानतोय, पुढच्याला शुभेच्छा देतोय. तुम्ही काय बोलला? जरा पाणी द्या. तेबी मला न्हाई, शाळेच्या शिपायाला. दुकान कुणी बघायचं, कसं बघायचं, काही म्हणून सांगितलं न्हाई. मी कुणाला विचारायचं होतं?"

बळवंत खाली बघतो. "खुर्चीत असताना जो जातो, त्याचं निरोपाचं भाषण राहून जातंय, मालन. त्या दोघांचंबी राहिलं. माझंबी राहिलं."

"मग आता करा."

तो उठतो. सदऱ्याचा भुसा झटकतो, घसा खाकरतो, आणि शाळेच्या गॅदरिंगमध्ये उभा राहावा तसा टेबलाशी उभा राहतो. मालनला रागातही हसू येतं. तो खणातून काच कापायची हिरकणी काढतो, पितळी दांड्याची, टोकाला कणभर हिरा असलेली. ती तो टेबलावर ठेवतो, तिच्या बाजूला.

"ऐक," तो म्हणतो. "आधी काच पुसायची. धूळ असली की हिरकणी उडी मारती. टेबलावर घोंगडं अंथरायचं, कडक लाकडावर काच ठेवायची न्हाई. माप दोनदा घ्यायचं. पट्टी डाव्या हातानं दाबून धरायची. हिरकणी लेखणीसारखी धर, मुठीत नको. आणि दाबायचं न्हाई. काचेवर जोर करायचा नसतोय, रेघ मारायची असतीया. वरनं खाली एकदाच. बारीक आवाज येतोय, तो तुटला न्हाई म्हंजे रेघ बरोबर. मधी थांबायचं न्हाई, आणि परत त्याच रेघेवर जायचं न्हाई. झालं."

"झालं? एवढंच भाषण?"

"मला एवढंच येत होतं."

मालन घोंगडं अंथरते. कोपऱ्यातली काच उचलायला बळवंत एका बाजूनं हात देतो, आणि ती दोघं ती आडवी ठेवतात. ती काच पुसते. माप घेते, पुन्हा घेते. हिरकणी हातात धरल्यावर तिला वाटतं, की तो आता मागून हात धरेल. पोरीला पाटीवर गिरवून द्यावं तसा.

"हात धरू नका," ती म्हणते. "नुसतं बघा."

"बघतोय की."

ती रेघ ओढू लागते. बारीक आवाज येतो, लांबचा, न तुटणारा. निम्मी काच होते, निम्म्याच्या पुढे जाते. तिला मागं भुशाचा वास येतो आहे, म्हणजे तो उभा आहे. अजून थोडं. अजून थोडं. मग वास येईनासा होतो. रेघ संपायला बोटभर राहिलं आहे, आणि मागं कुणी नाही हे तिला कळतं. तिचा हात हलतो. थांबायचं न्हाई, असं सांगून गेला आहे तो. ती थांबत नाही. हिरकणी काचेच्या कडेवरून खाली उतरते.

"आई. अगं आई."

मालन डोळे उघडते. सुहास समोर उभा आहे, केसांवर पावसाचे थेंब. ती स्टुलावर नाही, टेबलाशी उभी आहे. टेबलावर घोंगडं अंथरलेलं आहे. त्यावर काच आहे, फ्रेमच्या मापाची, आणि बाजूला उरलेला तुकडा वेगळा झालेला आहे. हिरकणी तिच्या उजव्या हातात, लेखणीसारखी.

"उभ्या उभ्या झोपलीस काय?" सुहास म्हणतो, आणि मग त्याची नजर काचेवर जाते. "हे कुणी कापलं? हार्डवेअर बंद हाय आज."

"मी."

"तू? तुला कुठं येतंय?"

मालन हिरकणी खाली ठेवते. ती ओळीतले फोटो उचलून एकावर एक रचू लागते. राजेंद्रबाबूंना सगळ्यात मागे. टोपीवाल्याला फक्रुद्दीनसाहेब आणि रेड्डींच्या मधे.

"ह्यो कोण?" सुहास विचारतो.

"तुझ्या थोरल्या बहिणीच्या वेळचे राष्ट्रपती," ती म्हणते. सुहास तिच्याकडे बघत राहतो. बहिणीबद्दल त्याला कधी कुणी नीट सांगितलेलं नाही. "रात्री जेवताना सांगतो तुला सगळं. तुला कळायला पाहिजे ते."

पायरीवर सागर चौगुले भिंतीला टेप लावून रुंदी मोजतो आहे. मालन त्याला हाक मारते.

"सागर, नको मोजूस बाबा. दुसरीकडं बघ गाळा. हे दुकान माझं हाय आणि ते चालू हाय."

सागर सुहासकडे बघतो. सुहास आईकडे बघतो. काहीतरी बोलायला तो तोंड उघडतो, पण आधी काच उचलतो, बहुतेक बोलायचं थोडं लांबवावं म्हणून, आणि उजेडात धरतो. त्याचं लहानपण बळवंताच्या टेबलाखाली गेलं आहे, काचेची कड त्याला कळते. कड सरळ आहे, वरून खालपर्यंत. शेवटच्या बोटभर जागी मात्र रेघ किंचित वाकडी गेली आहे. बळवंताची रेघ कधी वाकडी जात नसे.

"इथं हात हलला तुझा," तो म्हणतो.

"हलला," मालन म्हणते. "तेवढं खाचेत झाकलं जातंय. आण इकडं."